पारंपरिक धनुष्याला दोरी कशाची? आधी धनुष्याची टोकं बघा

धनुष्य हातात आलं की पहिला प्रश्न बाणांचा पडतो, दुसरा पाउंडांचा, म्हणजे धनुष्य ओढायला किती जोर लागतो याचा. दोरीचा प्रश्न बहुतेकांना पडतच नाही. जी सोबत आली ती चढवली, संपला विषय. ती विरली किंवा तुटली की मग शोधाशोध सुरू होते आणि दहा जण दहा सल्ले देतात. त्या दहांतले आठ वेगाबद्दलच बोलतात: अमुक धागा लाव, बाण सुसाट जाईल.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. वेग सगळ्यात शेवटी बघायचा. सगळ्यात आधी बघायची ती धनुष्याची दोन टोकं, जिथे दोरीचे फास बसतात.

हे मला आपोआप सुचलेलं नाही. माझ्याकडे एक जुनं, लाकूड आणि फायबरग्लासचं ४० पाउंडांचं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) होतं. हौसेने त्याला बारीक, अजिबात न ताणणारी आधुनिक दोरी लावली. बाण खरोखरच जोरात जायला लागले आणि मी खूश. तीनेक आठवड्यांनी दोरी चढवताना वरच्या टोकाशी अंगठ्याला काहीतरी खरखरीत लागलं. टॉर्च लावून पाहिलं, तर फास जिथे टेकतो अगदी तिथूनच खाचेच्या कडेने केसाएवढी चीर गेली होती. दोरी मात्र जशीच्या तशी, कोरी. दोरी बदलायला एक संध्याकाळ पुरते. पात गेली की धनुष्यच गेलं. (वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागाला मी पात म्हणतोय, मैदानावर त्याला सगळे ‘लिंब’ म्हणतात.)

दोरीवर नेमकं काय गुदरतं

पुष्कळांना वाटतं की धनुष्य पूर्ण ओढलेलं असताना दोरीवर सगळ्यात जास्त ताण असतो. तसं नाही. खरा हिसका बसतो तो बाण सुटल्यानंतर, पाती पुढे झेपावतात आणि दोरी ताडकन सरळ होते त्या क्षणी. तेव्हाचा ताण धनुष्याच्या पाउंडांच्या कितीतरी पट असतो. बाणाने जी ऊर्जा नेली नाही ती सगळी दोरी, पाती आणि तुमचा डावा हात यांच्यात वाटली जाते.

दोरी थोडी ताणणारी असेल तर हा ब्रेक जरा सावकाश लागतो. न ताणणारी असेल तर करकचून लागतो आणि त्याचा धक्का थेट टोकांना पोचतो. म्हणजे ज्या गुणामुळे बाण वेगाने जातो, त्याच गुणामुळे टोकं सोलली जातात.

दुसरी गोष्ट वजनाची. सुटताना दोरीचा मधला भाग बाणाइतक्याच वेगाने धावतो, टोकं जवळपास जागेवरच असतात. ढोबळ हिशेब असा की दोरीच्या वजनाचा तिसरा हिस्सा बाणावर लादल्यासारखा असतो. दोरी ३ ग्रॅमने हलकी केलीत, तर बाण १ ग्रॅमने हलका केल्यासारखा फरक. यातून एक फार कामाची गोष्ट निघते: फासापाशी जाडी वाढवली तरी वेग फारसा जात नाही, मधोमध वाढवली की जातो. पुढे फास जाड करायचे आहेत, तेव्हा हे लागेल.

आणि एक फरक आधीच स्पष्ट करून ठेवू. ओढल्यावर लांबून परत पूर्ववत होणं वेगळं, आणि दिवसेंदिवस कायमची लांबत जाणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला ‘क्रीप’ म्हणतात. डॅक्रॉन (पॉलिएस्टरचा धागा) मुख्यतः पहिल्या प्रकारात मोडतं, नवं असताना थोडं दुसऱ्यातही. डायनीमाची, म्हणजे न ताणणाऱ्या आधुनिक धाग्यांची, जात पहिल्या प्रकारात जवळपास नाही, पण दुसऱ्यात थोडी आहे, विशेषतः उन्हातान्हात.

पायरी १: टोकं वाचा

दोरी उतरवा आणि भरपूर उजेडात बसा. खाचेतून नखाची कड हलकेच फिरवा. मग कापसाचा छोटा बोळा घेऊन टोकावरून सर्व बाजूंनी ओढा. डोळ्यांना न दिसणारी चीरसुद्धा कापसाचा तंतू पकडते. चीर सापडली तर कुठलीच दोरी लावू नका. आधी दुरुस्ती.

चीर नसेल तर टोक कशाचं आहे ते बघा.

अख्ख्या लाकडातून किंवा बांबूतून काढलेल्या धनुष्याला खाच थेट लाकडातच कोरलेली असते. इथे नैसर्गिक दोरी किंवा डॅक्रॉन, बस. इंग्लिश लाँगबोच्या (उंच, सरळ धनुष्याच्या) टोकांवर शिंगाच्या टोप्या बसवायचे ते शोभेसाठी नव्हे. ते ज्या झाडाचं करत त्या यूचं लाकूड मऊ असतं, कडक दोरी त्यात रुतते. अशी शिंगाची टोपी असेल तर थोडी मोकळीक मिळते.

थर चिकटवून केलेल्या रिकर्व्ह किंवा लाँगबोवर टोकाशी जास्तीचे कडक थर चढवलेत का, ते बाजूने बघितलं की कळतं. फायबरग्लासचे, मायकार्टाचे (राळेत दाबलेल्या कापडाचे) किंवा शिंगाचे दोन-तीन थर एकावर एक दिसतात. पण थर दिसले म्हणून भागत नाही. बनवणाऱ्याने ‘फास्ट फ्लाइट चालेल’, म्हणजे न ताणणारी आधुनिक दोरी चालेल, असं पातीवर किंवा कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. लिहिलेलं नसेल, किंवा धनुष्य जुनं असून कोणी कधी बनवलं याचा पत्ता नसेल, तर डॅक्रॉन. यावर मी वाद घालत नाही.

घोडेस्वारांच्या धर्तीच्या छोट्या धनुष्यांना टोकाशी न वाकणारे ताठ कान असतात. त्यांची खाच बहुधा मजबूत असते, पण तो ताठ कान पातीला जिथे जोडलेला असतो तो सांधा नाजूक असू शकतो. इथेही बनवणाऱ्याचा शब्द प्रमाण.

पायरी २: धागा निवडा

डॅक्रॉन. हे मुळात ड्युपाँट कंपनीचं व्यापारी नाव; आतून साधं पॉलिएस्टरच. बी-५० आणि बी-५५ ही धनुर्धरांच्या ओळखीची नावं. एक धागा साधारण ५० पाउंड सोसतो. ताणतो, म्हणून धक्का गिळतो. आवाज कमी करतो. ऊन-पाऊस निमूट सहन करतो. तोटा एवढाच की दोरी जड होते आणि नवी असताना काही दिवस लांबत राहते. पहिली दोरी, शिकाऊ हात, जुनं धनुष्य, लाकडी टोक: यातलं एकही लागू असेल तर पुढचा परिच्छेद नुसता माहितीसाठी वाचा.

डायनीमा आणि स्पेक्ट्रा. रासायनिकदृष्ट्या हे पॉलिथिलिनच, फक्त त्याचे रेणू प्रचंड लांब असतात. ‘फास्ट फ्लाइट’ हे मुळात एका धाग्याचं नाव, पण आता या सगळ्या जातीलाच लोक तसं म्हणतात. डी-९७, ८१२५ हे याच घराण्यातले. हलके, पाणी न पिणारे, आणि एक धागा डॅक्रॉनच्या दुपटीच्या घरात ताण घेणारा. दोन खोडी आहेत. एक, हा धागा निसरडा असतो, त्यामुळे वळलेला फास सुटू नये म्हणून शेपूट लांब ठेवावं लागतं आणि मेण सढळ हाताने लावावं लागतं. दुसरी खोड उष्णतेची. हे धागे १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात आणि त्याच्या बरंच आधी कमजोर व्हायला लागतात. बंद गाडीत, उन्हात दोरी चढवलेलं धनुष्य विसरलात तर दोरी लांबलेली सापडेल. दोरीवर गुंडाळलेल्या वेटोळ्याचं टोक लायटरने डागताना ज्योत जराशी आत गेली तरी दोरी बाद.

व्हेक्ट्रान मिसळलेले ४५२एक्ससारखे धागे क्रीप रोखण्यासाठी आहेत. ती कंपाउंड, म्हणजे चाकं लावलेल्या, धनुष्यांची गरज. पारंपरिक धनुष्याला त्यांच्या वाटेला जायचं कारण नाही.

केव्हलार. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये ड्युपाँटमध्ये शोधलेला हा धागा ताणात अफाट आहे, म्हणून एके काळी धनुष्यावरही आला. पण सारखा एकाच ठिकाणी वाकला की आतून तुटतो. दोरी नेमकी बाण लावायच्या जागी, कसलीही पूर्वसूचना न देता जाते. जुन्या सामानात सोनेरी पिवळ्या धाग्याची दोरी सापडली तर ती धनुष्यावर चढवू नका.

नायलॉनची दोरी, पॅराकॉर्ड, मासेमारीचा तंगूस, सुतळी, सुती दोरा: नाही, नाही, नाही. नायलॉन रबरासारखं ताणतं, सुतळीचे तंतू आखूड आणि ठिसूळ असतात, सुती दोरा पुरेशा ताकदीचा करायचा तर दोरखंड होतो.

नैसर्गिक धागे. इथे मी जरा रेंगाळणार. मला स्वतःला यातच जास्त मजा येते, आणि मुख्य म्हणजे इथे पाकिटावर आकडे छापलेले नसतात.

संस्कृतात प्रत्यंचेला ‘मौर्वी’ म्हणतात, कारण ती मूर्वा नावाच्या वनस्पतीच्या तंतूंची असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोऱ्यांसाठी सहा पदार्थांची यादीच आहे: मूर्वा, अर्क म्हणजे रुई, शण म्हणजे ताग (सुतळीचा ज्यूट नव्हे), गवेधु नावाचं गवत, वेणू म्हणजे बांबू आणि स्नायू म्हणजे इथे कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा तंतू). यादी नीट पाहिली तर लक्षात येतं की त्यात कापूस नाही. लांब, मजबूत तंतू हवा हे तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओट्झी या गोठलेल्या माणसाच्या भात्यातही जनावराच्या कंडरांची वळलेली दोरी निघाली.

आज हौसेने करून बघायचं तर लिननपासून सुरुवात करावी. लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा. कमी ताणतो, हलका असतो, आणि ओला झाला की कमजोर होण्याऐवजी उलट मजबूत होतो. त्याचा शत्रू कोरडेपणा. मेण नसेल तर ठिसूळ होऊन मधूनच तुटतो. हेम्पचा (भांगेच्या झाडाच्या तंतूचा) स्वभावही बराचसा असाच. जपानी युमी धनुष्याच्या परंपरागत दोऱ्या हेम्पच्याच, त्यांना राळ आणि तेलाचं मिश्रण चोळतात. रेशीम देखणं, गुळगुळीत, टिकाऊ. तुर्की धनुष्यांना रेशमी दोरी असे आणि तिचे फास वेगळे करून दोन्ही टोकांना गाठीने जोडत. ओलं झालं की मात्र रेशमाची ताकद घटते.

कंडरा आणि कच्चं कातडं कोरड्या हवेत उत्तम, दमट हवेत बेभरवशाचं. भिजलेली कंडरेची दोरी शेवईसारखी ढिली पडते. पावसाळ्यात बाहेर पडणार असाल तर तिचा विचार सोडा.

माझं मत विचाराल तर ५० पाउंडांच्या वर नैसर्गिक दोरी अनुभवी हातानेच करावी. दोरी बाण सुटताना तुटली तर बाणाविना दोरी सोडल्यासारखाच हिसका बसतो, आणि त्यात धनुष्यही मोडू शकतं.

पायरी ३: धागे किती

डॅक्रॉनचा तक्ता जवळपास सर्वमान्य आहे:

- २० ते ३० पाउंड: ८ धागे
- २५ ते ३५ पाउंड: १० धागे
- ३५ ते ४५ पाउंड: १२ धागे
- ४५ ते ५५ पाउंड: १४ धागे
- ५५ च्या वर: १६ धागे

१२ धाग्यांची दोरी म्हणजे ६०० पाउंडांची ताकद, आणि धनुष्य ४० चं. एवढं कशाला? ताकदीसाठी नाहीच. धागे कमी केले तर डॅक्रॉन फार ताणतं, शिवाय दोरी इतकी बारीक होते की बाणाचं नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) तिच्यावर धरत नाही.

फास्ट फ्लाइट जातीच्या दोऱ्या १६ ते १८ धाग्यांच्या करतात. काही जण ८ किंवा १० धाग्यांवर जातात, पण ते करायचं तर फासांत तेवढेच जास्तीचे धागे घालून फास १६-१८ धाग्यांइतके जाड करायलाच हवेत. बारीक फास सुरीसारखा रुततो. वर म्हटलं तसं, टोकाशी वजन वाढल्याने वेग जात नाही, त्यामुळे इथे कंजुषी करण्यात काही अर्थ नाही. भरीचे धागे डॅक्रॉनचे घेतले तर आणखी बरं, फास मऊ बसतो.

लिननचा आकडा स्वतःच काढायचा. एक हात लांबीचा धागा घ्या. वरचं टोक आडव्या गुळगुळीत दांड्याला आठ-दहा वेढे देऊन मग बांधा, खालचं बादलीच्या कडीला तसंच. नुसती गाठ मारलीत तर धागा गाठीपाशीच, निम्म्या ताणावर तुटेल आणि हिशेब चुकेल. बादली जमिनीपासून वीतभर उंच राहू द्या आणि मग्याने हळूहळू पाणी ओता. धागा तुटला की पाण्यासकट बादलीचं वजन करा. असं पाच वेळा करा आणि पाचांतला सगळ्यात कमी आकडा धरा, सरासरी नको.

समजा तो ४.५ किलो आला, म्हणजे साधारण १० पाउंड. धनुष्य ४० पाउंडांचं. नैसर्गिक दोरीची ताकद धनुष्याच्या किमान चौपट हवी, म्हणजे १६०. भागिले १०, म्हणजे १६ धागे. पीळ दिल्यावर थोडी ताकद घटते, म्हणून १८ घ्या. १८ चे सहा-सहाचे तीन पेड नीट पडतात. पहिलीच दोरी असेल तर मी पाचपट धरतो, म्हणजे २० ऐवजी २१ धागे, सातांचे तीन पेड. जरा जड होईल, होऊ दे.

पायरी ४: बांधणी आणि लांबी

बांधणीचे दोन प्रकार. एकात धागा दोन खुंट्यांभोवती सलग फिरवून अखंड वेढा करतात आणि फासांवर दुसरा धागा गुंडाळतात. हे मोजून-मापून होतं, पण त्याला खुंट्यांचा साचा लागतो. दुसरा फ्लेमिश: दोन किंवा तीन पेड घेऊन हातानेच फास वळायचा. पारंपरिक धनुष्याला मी फ्लेमिशच सुचवतो, कारण फास आपोआप जाड होतो आणि लांबी पीळ देऊन कमी-जास्त करता येते.

ज्याने कधी दोर वळताना पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एका पेडाला चिमटीत धरून आपल्यापासून दूर पीळ द्यायचा, मग तो पेड दुसऱ्यावरून आपल्याकडे आणायचा. पुन्हा दुसऱ्याला दूर पीळ, आणि आपल्याकडे. प्रत्येक पेड एका दिशेने उलगडू पाहतो, जोडलेली दोरी विरुद्ध दिशेने; दोघं एकमेकांना धरून ठेवतात. सगळे पेड सारखेच ताणलेले हवेत. एक सैल राहिला तर तो दिसतो दोरीत, पण काम करत नाही.

लांबीचा ढोबळ नियम असा: धनुष्यावर लिहिलेल्या लांबीतून लाँगबोसाठी ३ इंच आणि रिकर्व्हसाठी ४ इंच वजा करा. ६० इंची रिकर्व्हला ५६ इंची दोरी. घोडेस्वारी धनुष्यांना हा नियम लागू नाही, तिथे बनवणाऱ्याने दिलेलं माप घ्या.

पायरी ५: मधलं वेटोळं

बोटं आणि नॉक जिथे टेकतात तिथे दोरीवर घट्ट धागा गुंडाळतात, त्याला सर्व्हिंग म्हणतात. बाण लावायच्या जागेच्या दोनेक इंच वरून सुरू करून चार-पाच इंच खालपर्यंत. गुंडाळायची दिशा दोरीच्या पिळाचीच ठेवा. उलटी गुंडाळलीत तर नंतर पीळ वाढवताना ती सैल पडेल.

जाडी बरोबर आहे का हे कळायला सोपी परीक्षा आहे. धनुष्य आडवं धरा, दोरी जमिनीला समांतर, अशी की बाण दोरीला नॉकने खाली लटकेल. तो लटकून राहिला पाहिजे. मग दोरीवर बोटाने एक टिचकी मारा. बाण गळून पडला पाहिजे. टिचकीआधीच पडला तर वेटोळं बारीक आहे, आणि ते धोक्याचं, कारण सुटायच्या आधी बाण निसटला तर रिकामी दोरी सुटते. टिचकीने पडलाच नाही तर जाड आहे. बाण फेकला जाताना अडखळेल.

पायरी ६: पहिले शंभर बाण

दोरी स्ट्रिंगर (दोरी चढवायची मदतीची दोरी) वापरूनच चढवा, रिकर्व्हला तर नक्कीच. मग दोरी आणि मूठ यांमधलं अंतर मोजा, म्हणजे ब्रेस हाइट. लाँगबोला साधारण ६ ते ७ इंच, रिकर्व्हला ७ ते साडेआठ. बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच. मोजपट्टी नसेल तर मूठ वळून अंगठा उभा करा आणि मूठ धनुष्याच्या मुठीवर टेकवा, अंगठ्याचं टोक दोरीला लागलं की झालं. लाँगबोवाले पूर्वापार हेच करत आले आहेत.

अंतर कमी भरलं तर दोरी उतरवून चार-पाच पीळ वाढवा. पण तीस-चाळीस पीळ वाढवूनही भागत नसेल तर दोरीच लांब झाली आहे, नवी करा. अति पीळ दिलेली दोरी स्प्रिंगसारखी वागते.

डॅक्रॉनची नवी दोरी शंभरेक बाणांपर्यंत लांबत राहते, त्यामुळे दर वीस बाणांनी मोजत रहा. तोपर्यंत नॉकची खूण कायमची पक्की करू नका, नाहीतर ती सरकत जाईल आणि तुम्ही दोष हाताला द्याल.

मेण लावताना बोटांनी चोळून कोमट करा, एवढं पुरतं. डायनीमावर चामड्याचा तुकडा घेऊन जोरजोरात घासू नका, घर्षणानेही ती तापते. सर्व्हिंगवर मेण नको, बोटं निसटतात. लिननला मात्र दर वापराआधी मधमाशीचं मेण हवं.

कधी टाकून द्यायची

एखादा धागा तुटलेला दिसला की, मग दोरी कालची का असेना. मेण लावूनही केस उभे राहत असतील तर. ब्रेस हाइट कारण नसताना घसरायला लागली तर. आणि फासाच्या आतली बाजू, जी कोणी बघत नाही, ती चपटी किंवा तुटक दिसली तर. नैसर्गिक दोरी यातलं काहीही दिसायच्या आधीच बदला. मी लिननची दोरी एका मोसमाच्या वर ठेवत नाही.

नवी दोरी करायला बसलात की एकाच वेळी दोन करा, त्याच धाग्याच्या, तेवढ्याच धाग्यांच्या. दुसरीही चढवून शंभर बाण मारून बसवून घ्या, मग उतरवून पिळासकट गुंडाळून पिशवीत ठेवा. सोबत एक चिठ्ठी: धागा कोणता, किती धागे, किती पीळ, ब्रेस हाइट किती. उतरवताना फासांत सुतळीचा तुकडा ओवून ठेवा, नाहीतर फ्लेमिशचा पीळ उलगडतो आणि चिठ्ठीवरचा आकडा निरुपयोगी होतो.